सव्वा मूठ गहू

अक्का,

फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. तालुक्याच्या कार्यक्रमात शाल घालून काढलेला फोटो आहे, तोच, ज्यात तुझी दाढ दुखत असल्यासारखा चेहरा झालाय. वर लिहिलंय 'पुराने घडवलेली रणरागिणी', आणि खाली 'शोकाकुल' म्हणून अकरा पुरुषांचे चेहरे. त्यातल्या निम्म्यांनी तुझ्या ओट्यावर कधी पाय ठेवला नव्हता. शाळेत जाता-येता मला त्याच्यासमोरून जावं लागतं आणि रोज तोंडात शिवी येते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई आहे, म्हणून रोज गिळते. आज रजा टाकून बसलेय, आणि आज गिळायची नाही असं ठरवलंय.

सुतक फिटायच्या दिवशी, तुझ्या गंधमुक्तीला, मांडव भरला होता. साक्रीहून आलेले एक पुढारी माईक घेऊन उभे राहिले. म्हणाले, "संकट माणसाला मोठं करतं. तो पूर आला नसता, तर या माउलीतली शक्ती आपल्याला कधी दिसलीच नसती." लोकांनी माना हलवल्या. तुझी लेक सुनीता सुरतेहून आलेली, पदरात तोंड घालून बसलेली, तिनेसुद्धा मान हलवली. म्हणजे नाना वाहून गेले ते बरंच झालं म्हणायचं. बापाच्या मरणावर लेकीची मान हलवून घेतली त्या माणसाने, आणि वर टाळ्या मिळवल्या. मी तिसऱ्या रांगेत होते, अक्का. उठून माईक हिसकावावा असं वाटलं. वाटलं, एवढंच. मी बसून राहिले. माझं बसून राहणं तुला काही नवीन नाही.

मी तुझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आले तेव्हा तू मला सांडपाण्याच्या नालीवरून बोललीस, मी तुला मिरचीच्या वाळवणावरून. वीस वर्षं आपण एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून एकमेकींचे तवे मोजले. तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. पुरानंतर शाळेच्या वर्गात एका सतरंजीवर दोन महिने झोपलो, त्यात ते 'तुम्ही' कधी गळून पडलं ते आठवत नाही.

त्या दिवशी आपल्या गावात पाऊसच नव्हता, हे मी बाहेरच्या माणसाला सांगते तेव्हा त्याला खरं वाटत नाही. बाजाराचा दिवस, भाद्रपदाचं लख्ख ऊन, बायांनी गोधड्या वाळत घातलेल्या. वरच्या डोंगरात दोन दिवस कोसळत होतं आणि पाझर तलावाची भिंत पिचलेली होती. ती पिचलीय हे नानांना ठाऊक होतं. त्यांनी तीन अर्ज दिले होते, माझ्याच हातचे, चांगल्या अक्षरातले. दुपारी भिंत गेली. नाना तेव्हा बाजारातून परतत होते, फरशीपुलावर होते. पाणी आलं ते उन्हात चमकत आलं. नऊ घरांमधली माणसं गेली त्या अर्ध्या तासात. सुरेखाचा नवरा त्यात गेला, आपल्याच भाऊबंदकीतला, लग्नाला सहा वर्षं झालेला. नदीकाठच्या भिलाटीतल्या, भिल्लांच्या वस्तीतल्या, जमनाबाईची लेक गेली.

नंतर पंचनाम्याला आलेल्या साहेबाने कागदावर 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तोवर कोणा साहेबासमोर पदर न सरकवलेली तू, वर्गाच्या दारातून बोललीस, "तलाव काय निसर्गनी खंदेल व्हता का?" साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली ना, मला विचारलं, काय म्हणतात त्या? मी म्हणाले, काही नाही, दुःखात आहेत. तुझं बोलणं मऊ करून पुढे सरकवायची माझी सवय तिथपासूनची आहे. तेव्हा मला वाटलं होतं की मी तुला सांभाळतेय.

शाळेतली छावणी उठली आणि सगळे आपापल्या घरी गेले, तेव्हा खरं वाईट झालं. छावणीत एकच चूल होती. नऊ घरांच्या बाया आळीपाळीने भाकरी थापायच्या, रडायचं तर रांगेत रडायच्या. घरी आल्यावर प्रत्येकीची चूल वेगळी झाली आणि प्रत्येकीला ती पेटवायचा कंटाळा यायला लागला. सुरेखा आठ-आठ दिवस केस विंचरत नव्हती. तू स्वतः सकाळची शिळी भाकरी पाण्यात बुडवून खायचीस. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं की तवा वाजत नाही. मी डबा पाठवायचे, तू डबा तसाच परत करायचीस. त्याचाही मला राग यायचा.

मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी घरी येतेय तोवर तू भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ओट्यावर ओतलेलं. सुरेखा बसलेली, जमनाबाई बसलेली, आणखी तिघी-चौघी. मला म्हणालीस, "चाल व मास्तरीन, शेंगा फोडाले." मी म्हटलं, एवढ्या शेंगा कशाला फोडतेस, तेल काढायचंय का? तू म्हणालीस, "हातले काम ऱ्हायनं का तोंड उघडस." नुसतं बसून बोला म्हटलं असतं तर कोणी आलं नसतं, आणि आलं असतं तर एकमेकींकडे बघत गप्प बसल्या असत्या. शेंग फोडताना खाली बघावं लागतं. खाली बघून माणूस काय काय बोलतं, ते मी त्या ओट्यावर ऐकलं. जमनाबाई म्हणाली, "मी पानी भराले जास त नदीकडे पाठ करीसन भरस." सुरेखा म्हणाली की तिला नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, फक्त त्याची चप्पल आठवते, आणि ती तेवढं बोलून इतकी रडली की मी उठायला लागले. तू मला मनगट धरून खाली बसवलंस. "रडनारीले रडू द्या. तुमना हात नका थांबाडू."

दोनच नियम होते तुझे. एक हा, हात थांबवायचा नाही. आणि दुसरा, "'जाऊ दे' म्हननारीनी उठीसन घर जावानं." 'देवाची मर्जी' म्हणायलाही बंदी होती. दगूअप्पा, ज्यांची बायको गेली होती, ते पायरीवर बसून फोडायचे. एकदा सवयीने म्हणाले, चालायचंच. तू त्यांच्यासमोरचं सूप उचललंस. बिचारे पंधरा दिवस आले नाहीत, मग आले आणि निमूट बसले. शेंगा संपल्या तेव्हा वाल आले, मग लसूण, मग चिंच. लोक हसायचे की या बायांनी गावाचा घाऊक धंदा धरलाय. पण पहिल्या उन्हाळ्यापर्यंत सुरेखा केस विंचरायला लागली, आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन झोक्यावरही बसून आली. हे तुझ्यामुळे झालं म्हटलं की तू चिडायचीस. म्हणायचीस, मी काय केलं, मला एकटीला घास उतरत नव्हता म्हणून बोलावलं.

बरं, तू कोणी देवी नव्हतीस. हेही लिहिते, नाहीतर माझा कागद आणि तो फ्लेक्स यात फरक काय राहिला. तू शनिवारी कोण आलं नाही याची उलटतपासणी घ्यायचीस. माझ्या आईचं दुखणं निघालं, मी दोन शनिवार वरणगावला राहिले, तर परत आल्यावर महिनाभर मला टोमणे. नानांवरसुद्धा तू चिडलेली होतीस. एवढं पिचलेलं माहीत होतं तर फरशीवरून कशाला आला, हे तू चिंच फोडताना शंभरदा विचारलंस. आम्ही कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायचं नसतं हे तूच शिकवलेलं.

पुरानंतरच्या पहिल्या श्रावणात कानबाई देवीचा सण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि तिच्या रोटाचे, नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू आदल्या दिवशी आबांच्या घरी काढतात. आबा म्हणजे आपले चुलत सासरे, भाऊबंदकीत सगळ्यांत मोठे. ते एकेका पुरुषाचं नाव घेतात आणि त्याच्या घरची बाई सुपात त्याच्या नावाची सव्वा मूठ टाकते. एक मूठ भरून, वर चार दाणे. जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी. कोणी पोटुशी असेल तर आपल्या घराण्यात पोटातल्याचीही मूठ धरतात. त्या वर्षी आबांनी नावं घेतली आणि नानांच्या नावापाशी थांबून पुढे गेले. तुझ्या घरची एकही मूठ पडली नाही. तू मांडीवर हात ठेवून बसून राहिलीस. मी माझ्या नवऱ्याची आणि लेकाची टाकली. रविवारी आपण सगळ्यांनी रोट खाल्ले, तूही खाल्लेस.

सोमवारी कानबाईला नदीवर न्यायचं होतं. अकरा महिन्यांत त्या नऊ घरांतली एकही बाई काठापर्यंत गेली नव्हती. मिरवणूक वडापाशी आली आणि सुरेखा मट्‌कन खाली बसली. तू जमनाबाईचा हात धरलास, दुसऱ्या हाताने सुरेखाला उचललंस, आणि मग एकीने दुसरीचा, दुसरीने तिसरीचा असा हात धरत तुम्ही पाण्यापर्यंत गेलात. जमनाबाईने तेव्हा पहिल्यांदा नदीकडे तोंड केलं. मी मागून पाहत होते. माझ्या घरातलं कोणी गेलं नव्हतं, म्हणून त्या साखळीत मला जागा नव्हती, असं मला वाटत होतं. तू मागे वळून म्हणालीस, "काय देखी ऱ्हायनी? हात दे." त्या हाताबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. रागात मानते, पण मानते.

दुसऱ्या श्रावणात गहू काढताना आबा नानांच्या जागेवरून न थांबता पुढे जायला लागले. तेव्हा तू बोललीस. आवाज चढवला नाहीस. शेंगा फोडताना बोलायचीस तसं, खाली बघून. "आबा, नानानी मूठ गयी, ते माले कयनं. मनी कोठे शे?"

आबा म्हणाले, "बाईनी मूठ नही ऱ्हास, बेटा. आपला घरमा पद्धत नही."

"पोटमाना पोऱ्यानी मूठ धरतस तुम्ही. त्यानं तोंड बी कोनी देखेल नही. मी त पंचवीस वरीस हाऊ घट्या वढस. नानासंगे मी बी वाही गयी का?"

खोलीत आपण बारा बाया होतो. घरची जाती ओढणाऱ्या, गहू पाखडणाऱ्या, उपास धरून बसलेल्या. प्रत्येकीला कळलं की तू तुझी स्वतःची मूठ मागतेयस. सुरेखाला तर सगळ्यांत जास्त कळलं, तिच्या घरचीही मूठ नव्हती, तिला एकच मुलगी. तू सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलंस आणि शेवटी माझ्याकडे पाहिलंस. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. मुलींना फळ्यावर 'समान हक्क' लिहून देते, दहादा गिरवून घेते. मी तुझी नजर चुकवली, अक्का. रोटावर तंटा झाला तर घरातल्या पुरुषांवर काही येतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, आणि माझ्या लेकाची मूठ त्या सुपात पडलेली होती. म्हणून मी हात पदराखाली घेतला. हे कारण आहे. यापेक्षा चांगलं कारण मला सापडत नाही, शोधून पाहिलं.

तू म्हणालीस, "मूठ नही त भूक बी नही. जास मी." आणि उठलीस. दुसऱ्या दिवशी आम्ही रोट खात होतो तेव्हा तू भिलाटीत जमनाबाईकडे नागलीची भाकरी आणि लाल मिरचीची चटणी खात होतीस, हे गावाला कळलं. 'रोट सोडले' अशी बोंब झाली. त्या साली कपाशीवर बोंडअळी आली ती तुझ्यामुळे, आबांचा नातू गाडीवरून पडला तो तुझ्यामुळे. भाऊबंदकीने तुझ्यावर एवढा भार टाकला, पण एक मूठ काही टाकली नाही. तिसऱ्या श्रावणात तू आबांच्या घरी गेलीच नाहीस.

आणि शनिवारी मात्र तू मला बोलावत राहिलीस. मी यायचे, शेंगा फोडायचे. त्या विषयावर तू एक अक्षर काढलं नाहीस, मीही नाही. ज्या ओट्यावर सगळं बोलायचं असा कायदा होता, तिथे आपण दोघी एका गोष्टीवर दोन वर्षं गप्प राहिलो. तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. माझी वाट बघत होतीस का? की मला सोडून दिलं होतंस? हे मला आता कोण सांगणार?

तू रोट सोडलेस त्याच वर्षी ती शहरातली बाई फॉर्म घेऊन आली. बाई वाईट नव्हती, पायातल्या चपला बाहेर काढून बसली, तुझ्या हातचा चहा प्यायली. संकटातून माणसं कशी वाढतात याचा अभ्यास होता तिचा. तू अहिराणीत बोलणार म्हणून मला मध्ये बसवलं. तिने वाचलं, 'पुरानंतर मी पूर्वीपेक्षा खंबीर झाले आहे.' तू शेंगा फोडतच म्हणालीस, "तिले सांग, माले कोनी इचारं नही खंबीर व्हनं शे का म्हनीसन. आज बी नुसतं आभाय उनं तरी मना पोटमा गोया उठस." मी त्या बाईला म्हणाले, अक्का म्हणतात, हो, मन घट्ट झालंय. तिने 'पूर्ण सहमत'वर खूण केली. पुढचं होतं, माणसांशी नातं अधिक जवळचं झालं का. तू म्हणालीस, "व्हयनं, लिख. पन ते पानीनी नही करं. जमनानी करं, सुरेखानी करं, या दगूअप्पानी करं." त्यालाही पूर्ण सहमतच. कोणी केलं ते लिहायला त्या कागदावर जागा नव्हती, आणि समासात लिहा असं मी तिला म्हटलं नाही.

तुला प्रमाण मराठी बोलता येत नसली तरी समजत होती. माझा प्रत्येक शब्द तू ऐकलास. ती बाई गेल्यावर टरफलं झाडत विचारलंस, "मास्तरीन, तुना आंगमा रगत शे का शाई?" मी हसले. तू हसली नाहीस.

त्या फॉर्मातून तुझी गोष्ट कुठे कुठे गेली, तालुक्याला सत्कार झाला, शाल मिळाली, 'संकट हीच संधी' असं भाषण झालं. गाव आता सावरलंय असा शेरा पडला, आणि दर गुरुवारी येणारी तपासणीची गाडी यायची बंद झाली. सावरलेल्या गावाला डॉक्टर कशाला. सत्कारावरून येताना एसटीत तू खिडकीला डोकं टेकवून म्हणालीस, "हाई त पानीना सत्कार करी ऱ्हायनात." बरोबर होतं तुझं. ज्याने आपल्याला बुडवलं त्याच्या गळ्यात हार, आणि ज्यांनी हात धरून वर काढलं त्या कुठे तर भिलाटीत, नदीवर पाणी भरत. जमनाबाईला त्या कार्यक्रमाचं साधं बोलावणंही नव्हतं. शाल तू तिला देऊन टाकलीस. ती शाल अंगावर घेऊन जमनाबाई तुझ्या गंधमुक्तीला आली होती आणि मांडवाच्या कडेला बसली होती, हे मी त्या पुढाऱ्याला दाखवायला हवं होतं.

आता तुझ्यावरचा राग. थांब, हा सगळ्यांत मोठा आहे.

सहा महिने तुला चढ चढताना दम लागत होता. सुरेखाने पाहिलं, तर म्हणालीस, "वय व्हयनं, दुसरं काय." बावन्न म्हणजे वय? डाव्या खांद्यात कळ येते हे तू दगूअप्पांना सांगितलंस आणि वर शपथ घातलीस की मास्तरीणला सांगू नका, ती धुळ्याला नेऊन सतरा मशिनीत घालेल. हो, घातलं असतं. सतराच्या सतरा मशिनीत घातलं असतं. गाडी बंद झाली होती, मी बंद झाले नव्हते. आम्हाला 'जाऊ दे' म्हणायची बंदी, आणि स्वतःच्या छातीला मात्र 'जाऊ दे'? सूप तुझ्यासमोरचंच उचलायला हवं होतं कोणीतरी. नऊ घरं तुझ्या ओट्यावर येऊन मोकळी व्हायची आणि तू कोणाच्या ओट्यावर जायचीस, हे मी कधी विचारलं नाही. तू एवढी बोलायला शिकलीस, त्यात मदत मागायला तेवढी शिकली नाहीस. की मागितली होतीस एकदा, भर खोलीत, आणि त्यानंतर मागायचं सोडलंस?

आषाढातल्या त्या मंगळवारी मी धुळ्याला प्रशिक्षणाला होते. तू ओट्यावरच खाली बसलीस. साक्रीला नेताना जीपमध्ये तुझं डोकं सुरेखाच्या मांडीवर होतं. सुरेखा सांगते, तू तिचा हात घट्ट धरलास आणि अर्ध्या वाटेत तो सैल झाला. मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं आणि ओट्यावर अर्धवट सोललेला लसूण पडला होता. तो लसूण जमनाबाईने दुसऱ्या दिवशी बसून सोलून संपवला. रडत होती आणि हात थांबत नव्हता.

गेल्या शनिवारी कानबाईचे गहू होते. तुझं सुतक फिटलेलं, आणि आबा म्हणाले, रोट मोडायचे नाहीत. मी गेले. सुरेखा माझ्याशेजारी बसली, मांडीवर हात ठेवून, तू बसायचीस तशी. आबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्याचं आलं, मी मूठ टाकली. लेकाचं आलं, टाकली. सुरेखाचं घर आलं आणि आबा पुढे गेले.

मी म्हणाले, "आबा, सुरेखानी मूठ ऱ्हायनी."

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अक्कानं भूत उतरनं का तुना आंगमा?"

"भूत नही आबा, मीच शे. सुरेखा, टाक."

लेकाचं नाव डोक्यात घणासारखं वाजत होतं, हे तुला सांगते. सुरेखाने हात पुढे केला. अर्धे दाणे सुपाबाहेर पडले. मी ते वेचून तिच्या हातात परत दिले. तिने मूठ टाकली, वर चार दाणे टाकले. आबा म्हणाले, रोट बाटले. काठी घेतली आणि ओसरीवर जाऊन बसले. माझा नवरा दारात उभा होता, तो जमिनीकडे बघत राहिला. मग आबांची बायको, आपली काकू, जिने माझ्या लग्नापासून आबांच्या बोलण्यावर हुं सोडून दुसरा शब्द उच्चारलेला मी ऐकला नव्हता, ती जात्याला खुंटा ठोकत म्हणाली, "गहू दयाले घ्या, दुपार व्हयनी."

बस, एवढंच झालं. जातं फिरायला लागलं. आभाळ कोसळलं नाही. रविवारी आबांनी दोन घास कमी खाल्ले, पण खाल्ले. काल कानबाई नदीवर गेली, माझा लेक आज सकाळी सायकलवरून शाळेत गेला.

आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. कारण दोन वर्षं मी मनात म्हणत आले की आबांनी तुला अडवलं. शनिवारी त्या खोलीत बसून मी मोजलं, अक्का. आबा एकटे होते. तुझ्या वेळी गप्प बसलेल्या आम्ही अकरा जणी होतो.